आषाढातले चार शनिवार : भयकथांच्या वाचनासाठी कोणते लेखक निवडावेत?

दिवेलागण यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावी, सार्वजनिक वाचनालयात, गेली तीन वर्षे दर शनिवारी संध्याकाळी आम्ही पंधरा-वीस जण एकत्र बसून मोठ्याने वाचन करतो. यंदा आषाढातल्या चार शनिवारी मराठीतील भयकथा आणि अद्भुतकथा वाचाव्यात असे ठरले आणि लेखक निवडण्याचे काम माझ्याकडे आले. मंडळींत नववीत शिकणारी एक मुलगी आहे, तसेच सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त मुख्याध्यापकही आहेत. त्यामुळे ही निवड वाटते तितकी सोपी नाही.

पहिले नाव अर्थातच नारायण धारपांचे होते. सातवी-आठवीत असताना वाचनालयातून आणलेली त्यांची पुस्तके मी माजघरात, सगळ्यांच्या मधोमध बसून वाचत असे, कारण खोलीत एकटीने वाचण्याची माझी हिंमत नव्हती, आणि रात्री परसदारी जायची वेळ आली की आजीला उठवावे लागे. आता पंचेचाळिसाव्या वर्षी, या निवडीच्या निमित्ताने, भुताखेतांपासून माणसांना सोडवणाऱ्या त्यांच्या 'समर्थ' या नायकाच्या काही कथा पुन्हा वाचल्या. सुरुवातीच्या पानांनी अंगावर काटा आणलाच; परंतु समर्थ आले आणि माझी भीती तिथल्या तिथे विरून गेली, कारण आता सगळे सुरळीत होणार हे मला ठाऊक होते. पाठोपाठ रत्नाकर मतकरींचा एक संग्रह वाचला. तिथे शेवटपर्यंत कोणीच आले नाही. पुस्तक मिटून ठेवल्यानंतर दोन दिवस मी आमच्या माळ्याकडे जाणाऱ्या जिन्याकडे पाहणे टाळत होते, आणि हे मी अतिशयोक्ती न करता सांगते आहे.

म्हणून विचारावेसे वाटते की भयकथेच्या शेवटी कोणीतरी सोडवायला यावे की येऊ नये? तुमचा आवडता लेखक या ठिकाणी काय करतो, आणि तो तुम्हाला का आवडतो? दुसरी शंका अशी आहे की आमच्यातील एका सभासदाच्या मते धारपांची काही गाजलेली पुस्तके परभाषेतील कथा-कादंबऱ्यांची रूपांतरे असल्यामुळे त्यांना मराठी भयकथेचे प्रतिनिधी मानणे योग्य नाही. त्यावरही जाणकारांनी लिहावे.

कंदीलकाच यांचे उत्तर

दिवेलागणताई, तुमचा अनुभव खरा आहे, पण त्यातून धारपांविषयी निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

धारपांनी आपल्या नायकाला 'समर्थ' हे नाव सहज दिलेले नाही. त्यांच्या एका पुस्तकाचे नाव 'समर्थाचिया सेवका' असे आहे, आणि मनाचे श्लोक पाठ असलेल्या वाचकाला त्यापुढची ओळ आपोआप आठवते : 'वक्र पाहे, असा सर्व भूमंडळी कोण आहे'. आपल्याकडच्या घराघरांत लहान मुलाला अंधाराची भीती वाटली की त्याला मारुतिस्तोत्र म्हणायला सांगत असत, आणि त्या स्तोत्रातच 'भूतप्रेत समंधादि' असा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे भूत आणि भुतावरचा उतारा ही दोन्ही एकाच तोंडाने, एकाच संध्याकाळी शिकवली जात होती. धारपांनी ही घरातली जोडी उचलली आणि तिच्यावर कथा उभी केली. वाचकाला आधी पुरते घाबरवायचे आणि मग त्याला हात धरून अंगणापर्यंत परत आणून सोडायचे, ही त्यांनी वाचकाशी ठेवलेली बांधिलकी होती, असे मी मानतो.

आता त्यांच्या लेखनाच्या पद्धतीकडे पाहा. धारपांची कथा स्मशानात किंवा पडक्या किल्ल्यात क्वचितच सुरू होते. ती बदली झालेल्या नोकरदाराच्या भाड्याच्या घरात, वारशाने आलेल्या जुन्या वाड्यात, लग्न होऊन नव्या घरी आलेल्या मुलीच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते. '४४० चंदनवाडी' या कादंबरीच्या शीर्षकाकडेच पाहा. तो निव्वळ एक पत्ता आहे, पोस्टमनने वाचावा तसा. घराच्या खोल्या किती, जिना कुठून जातो, कोणत्या खिडकीतून काय दिसते, याची इतकी नीट मांडणी ते आधी करतात की पुढे एक दार उघडे दिसले तरी ते काल बंद होते हे वाचकाला स्वतःच आठवते. भीती ते सांगत बसत नाहीत, वाचकाच्या स्मरणशक्तीकडून ती वसूल करतात. शिवाय त्यांचे अमानवी म्हणजे केवळ मेलेल्या माणसाचा अतृप्त आत्मा नसतो. आपल्या जगाला लागून दुसरी काही जगे आहेत, त्यांच्यामधला पडदा कुठेतरी विरतो आणि त्या फटीतून काहीतरी आत येते, ही कल्पना त्यांच्या लेखनात वारंवार दिसते. 'अनोळखी दिशा' हे नावही तेच सुचवते. त्यांनी विज्ञानकथाही मोठ्या प्रमाणावर लिहिल्या, त्यामुळे त्यांच्या भुतांनाही काही नियम असतात. नियम असले म्हणजे तोडगा असू शकतो, आणि तोडगा असला म्हणजे समर्थ असू शकतात.

तुम्हाला भीती संपल्यासारखी वाटली ती समर्थांमुळे असेल, तर समर्थ नसलेली पुस्तके निवडा. १९२५ ते २००८ एवढे आयुष्य लाभलेल्या या लेखकाची पुस्तके शंभरावर आहेत आणि त्यांत सामान्य माणसांना स्वतःच्याच बळावर झुंजावे लागते अशी कितीतरी आहेत. नववीतल्या मुलीसाठी मात्र मी समर्थांची कथाच सुचवीन. पहिल्या भेटीत कोणीतरी सोडवायला आलेले बरे असते.

तिसरी घंटा यांचे उत्तर

मी हौशी रंगभूमीवर अनेक वर्षे काम केले आहे आणि माझे मत मतकरींच्या बाजूचे आहे. ते केवळ आवडीपोटी नाही. तुम्ही मोठ्याने वाचणार आहात, आणि मतकरींची कथा कानासाठीच लिहिलेली असते.

एक गोष्ट नेहमी विसरली जाते. 'खेकडा', 'कबंध', 'मृत्युंजयी', 'ऐक टोले पडताहेत' हे संग्रह ज्यांनी लिहिले त्यांनीच 'अलबत्या गलबत्या' आणि 'निम्मा शिम्मा राक्षस' ही बालनाट्ये लिहिली. दिलीप प्रभावळकरांनी रंगवलेली चिंची चेटकीण पाहून ज्या पिढीतली मुले खुर्चीत उड्या मारून हसली, तीच मुले दहा वर्षांनी मतकरींच्या गूढकथा वाचून दिवा चालू ठेवून झोपू लागली. मुलांसाठी नाटक करणाऱ्याला एक विद्या अवगत व्हावीच लागते : प्रेक्षकाचे लक्ष नेमक्या कोणत्या क्षणी कुठे आहे याचे भान. मतकरींनी ती विद्या गूढकथेत वापरली. वाचक उजवीकडे पाहत असताना ते डावीकडून काहीतरी आत आणून ठेवतात, आणि आपल्याला त्याचा पत्ता तीन पानांनंतर लागतो.

त्यांच्या कथेला 'गूढकथा' म्हणणे मला अधिक योग्य वाटते. भयकथेत भीतीचे कारण दिसते किंवा दिसणार असते. गूढकथेत कारण दिसल्यासारखे वाटते आणि पुन्हा हातातून निसटते. मतकरींची माणसे चाळीत, फ्लॅटमध्ये, कचेरीत राहणारी आहेत, आणि त्यांचे दुःख भूत येण्याच्या आधीपासूनच त्यांच्या घरात नांदत असते : न बोलले गेलेले वैर, मूल नसण्याची खंत, धाकट्या भावाविषयीचा मत्सर, आजारी माणसाचा आलेला कंटाळा. जे अमानवी येते ते या दुःखाच्याच दारातून येते. मतकरी स्वतः वीस वर्षे बँकेत नोकरी करत होते आणि १९७८मध्ये ती सोडून त्यांनी पूर्ण वेळ लेखनाला दिला. दिवसभर काउंटरपलीकडची माणसे पाहिलेल्या लेखकाला साध्या चेहऱ्यामागे काय असू शकते हे वेगळे शिकावे लागले नसेल, असे मला नेहमी वाटते.

त्यांच्याकडे कोणी सोडवायला का येत नाही, याचे उत्तरही यातच आहे. ज्या घरात माणसे एकमेकांनाच सोडवायला तयार नाहीत, तिथे बाहेरून कोणी येऊन काय करणार? समर्थांना बोलावण्यासाठी आधी घरातल्या कोणीतरी 'आमच्याकडे काहीतरी बिनसले आहे' असे उघडपणे म्हणावे लागते. मतकरींच्या माणसांना तेच जमत नाही. तुम्ही जिन्याकडे पाहायचे टाळलेत, ते भुताच्या भीतीने, की त्या कथेतल्या घरात तुम्हाला आपल्या ओळखीचे एखादे घर दिसले म्हणून, हे स्वतःला विचारून पाहा.

वाचताना एवढेच करा, की त्यांची कथा 'घाबरवणाऱ्या' आवाजात वाचू नका. आमच्या एका प्रयोगात निवेदकाने आवाज खोल लावला होता आणि सगळा परिणाम वाया गेला. त्याच निवेदकाने दुसऱ्या प्रयोगात शेजारणीला भाजीचा भाव सांगावा तशा स्वरात तीच कथा वाचली, तेव्हा शेवटच्या वाक्यानंतर बराच वेळ कोणी हललेसुद्धा नाही. मतकरी मे २०२०मध्ये करोनाच्या साथीत गेले. निरोपाला माणसे जमू शकत नव्हती अशा दिवसांत ते गेले, याची हुरहुर अजून मनात आहे, त्यामुळे त्यांच्या कथा अशा जमलेल्या मंडळींत वाचल्या जाणार आहेत हे वाचून फार बरे वाटले.

पोथीशाळा यांचे उत्तर

रूपांतराच्या शंकेविषयी थोडक्यात लिहितो.

धारपांची 'शपथ' ही कादंबरी अमेरिकन भयकथाकार स्टीफन किंग यांच्या १९८६ सालच्या 'इट'वर बेतलेली आहे आणि 'लुचाई'चे नाते त्यांच्याच 'सेलम्स लॉट'शी आहे, हे वाचकांना ठाऊक आहे. त्यात लपवण्यासारखे काही उरलेले नाही. परंतु केवळ या कारणासाठी धारपांना वगळायचे ठरवले, तर मराठीतील अद्भुतकथेचा निम्मा वाडाच पाडावा लागेल. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी सुरू केलेले अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टींचे भाषांतर वाचूनच आपल्या पणजोबांच्या पिढीला जिन आणि दिवा ठाऊक झाला. गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या कथानकांना असा मराठी पोशाख चढवला की वाचकांना मूळ लेखकाची आठवणही येत नसे. आगरकरांसारख्या काटेकोर माणसानेही 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केलेच. आपल्याकडे रूपांतर ही एक मानाची कला होती, आणि तिची कसोटी एकच होती, ती म्हणजे उचललेले रोप इथल्या मातीत जगते की नाही.

धारपांचे रोप जगले. तरीही एक गोष्ट मला स्पष्टपणे म्हणावीशी वाटते. मूळ लेखकाचे नाव पुस्तकावर असायला हवे, आणि जिथे ते नाही तिथे पुढच्या आवृत्त्यांत तरी यावे. त्यामुळे धारपांचा मान कमी होणार नाही. उलट त्यांनी स्वतःचे काय घातले हे वाचकाला ताडून पाहता येईल. वाचनाआधी तुम्ही हे दोन वाक्यांत सांगून टाकावे आणि मग निर्धास्तपणे वाचावे.

जाता जाता आणखी एक नाव सुचवतो, नाथमाधवांचे. 'यमुनापर्यटन' या १८५७च्या कादंबरीने विधवांच्या प्रश्नाला हात घातल्यानंतर चारच वर्षांनी लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली आणि मराठी कादंबरी अद्भुतरम्यतेकडे वळली. पुढे नाथमाधवांच्या 'वीरधवल'ने त्या वाटेवर असा पल्ला गाठला की ती कादंबरी आजही छापली आणि वाचली जाते. सिंहगडाच्या कड्यावरून पडून पायांचे बळ गेल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या या माणसाने भुयारे, गुहा आणि घोडदौडी लिहिल्या, ही गोष्ट मला त्यांच्या कुठल्याही कथानकाहून अधिक अद्भुत वाटते. मोठ्याने वाचायला मात्र तिची भाषा आज जड जाईल. शनिवारसाठी ती घेऊ नका. मुख्याध्यापकांना घरी वाचायला द्या, त्यांना ती आवडेल.

खाडीपलीकडे यांचे उत्तर

इथे आतापर्यंत दोनच शक्यता मांडल्या गेल्या आहेत : कोणीतरी वाचवायला येते, किंवा कोणीच येत नाही. मी वेंगुर्ल्याकडचा आहे. आमच्याकडे तिसरी शक्यता आहे आणि ती चिं. त्र्यं. खानोलकरांनी लिहिली आहे.

आमच्या भागात देवचार हा गावाचा राखणदार असतो. तो रात्री हद्दीवर फिरतो, त्याच्या काठीचा आवाज ऐकलेली माणसे प्रत्येक वाडीत भेटतात, आणि चुकलेल्या वाटसरूला तो घरापर्यंत पोहोचवतो असेही सांगतात. आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे वेताळाला, आजही भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावभर फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात. शहरातल्या माणसाला वेताळ म्हटले की धडकी भरते. आम्ही त्याला नवस बोलतो. मात्र या राखणदारांशी आमचा एक करार असतो. वर्षाचे देणे चुकवायचे नाही, दिलेला शब्द मोडायचा नाही. भीती असते ती करार मोडण्याची. जो राखतो त्याचाच कोप होतो.

'कोंडुरा' वाचताना माझ्या पाठीतून थंडी जाते ती यामुळे. समुद्राचे पाणी जिथे घुमते, त्या घळीच्या आवाजातून देव बोलतो असे मानणाऱ्या माणसांची ती कथा आहे. तिथे जे येते ते शत्रू म्हणून येत नाही, वर देणारे म्हणून येते, आणि तो वरच माणसाला खाऊन टाकतो. म्हणजे समर्थ यावेत आणि आलेल्या समर्थांचीच भीती वाटावी, अशी ही अवस्था आहे. तो आवाज खरेच देवाचा होता की त्या माणसाच्या मनातला, हे खानोलकर शेवटपर्यंत आपल्याला ठरवू देत नाहीत. त्यांची 'रात्र काळी घागर काळी' आणि 'अजगर' याही कादंबऱ्या भयकथेच्या फळीवर कोणी ठेवत नाही, पण त्यांतला काळोख धारपांच्या कुठल्याही वाड्यापेक्षा दाट आहे. आरती प्रभू या नावाने त्यांनी लिहिलेल्या कविता ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हा काळोख ओळखीचा वाटेल.

श्याम बेनेगलांनी 'कोंडुरा'वर १९७८मध्ये चित्रपट केला, तो तेलुगू आणि हिंदी अशा दोन भाषांत निघाला. मराठी कादंबरी मराठी पडद्यावर आली नाही, याची चुटपुट आमच्याकडच्या वाचकांना आजही आहे.

तिसरी घंटा यांचे प्रत्युत्तर

खाडीपलीकडे, तुमचे म्हणणे मनापासून पटले. फक्त एक अडचण मांडते. 'कोंडुरा' ही कादंबरी आहे, आणि एका संध्याकाळी तिचा एखादा भाग तोडून वाचला तर तुम्ही म्हणता तो करार श्रोत्यांपर्यंत पोहोचणार नाही. घुमणाऱ्या घळीचे वर्णन तेवढे सुटे वाचले जाईल आणि ऐकणाऱ्याला ते सुंदर निसर्गवर्णन वाटेल.

खाडीपलीकडे यांचे प्रत्युत्तर

मान्य आहे. मग वाचनाआधी पंधरा मिनिटे कोकणातल्या राखणदारांविषयी कोणीतरी बोलावे. तुमच्या गावात सिंधुदुर्गातून आलेले एखादे कुटुंब नक्की असेल. त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बोलवा आणि त्याला मालवणीतच बोलू द्या.

बेळगाव नाका यांचे उत्तर

जी. ए. कुलकर्णी यांचे नाव अजून कोणी घेतले नाही, याचे आश्चर्य वाटले. पण कारणही कळते. आपल्याकडे जी.एं.ना भयकथाकार किंवा अद्भुतकथाकार म्हटले की काही वाचकांना तो त्यांचा अवमान वाटतो. मला तसे वाटत नाही. कल्पित राज्ये, नकाशावर नसलेली वाळवंटे, भविष्य सांगणाऱ्या स्त्रिया, राजसभेतले विदूषक, उलगडत न जाणाऱ्या खुणा हे सगळे ज्याने मराठीत इतक्या ताकदीने आणले त्याला अद्भुताचा लेखक म्हणायचे नाही, तर कोणाला म्हणायचे? 'रमलखुणा'तल्या 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोन दीर्घकथा वाचून पाहा. तिथली माणसे कुठल्याही ओळखीच्या देशातली नाहीत, आणि तरीही त्यांचे भोग आपल्याच वाड्यातले वाटतात. धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या, सभा-समारंभांपासून कटाक्षाने दूर राहणाऱ्या या माणसाने मराठीत एक संपूर्ण परका प्रदेश वसवला.

मूळ प्रश्नासाठी मात्र मी 'पिंगळावेळ'मधली 'स्वामी' ही कथा पुढे करीन, कारण या चर्चेला ती नेमकी लागू पडते. प्रवासात अडकलेल्या एका माणसाकडे एक महंत येतात. अत्यंत आदराने ते त्याला आपल्या मठात घेऊन जातात. राहण्याची, जेवणाची, विश्रांतीची उत्तम सोय होते. आणि मग त्याला कळते की आता तोच इथला स्वामी आहे, त्याची पूजा होईल, त्याला काही कमी पडणार नाही, फक्त त्याला इथून बाहेर पडता येणार नाही. या कथेत भूत नाही, किंकाळी नाही, रक्ताचा थेंब नाही. आदरातिथ्याची प्रत्येक कृती ही एकेक वीट असते आणि भिंत पूर्ण झाल्यावरच आपल्याला ती भिंत असल्याचे समजते. इथेही कोणीतरी येते, पण दार लावून घ्यायला येते. मी ही कथा प्रथम कॉलेजात असताना वाचली, आणि आजही कोणी अनोळखी माणूस गरजेपेक्षा अधिक अगत्याने बोलू लागला की मला त्या महंतांची आठवण होते.

ती वाचायला वेळ लागेल आणि वाक्ये लांब आहेत, त्यामुळे वाचणाऱ्याने आधी दोन वेळा घरी वाचून यावे. जी.एं.च्या प्रतिमा एकामागून एक येतात. घाई केली तर त्यांचा केवळ भार जाणवतो, आणि योग्य जागी थांबले तर एकेक प्रतिमा डोळ्यांपुढे उभी राहते.

हाकेला ओ यांचे उत्तर

मी एकवीस वर्षांची आहे, आणि माझ्या वयाचे वाचक धारपांपर्यंत कोणत्या वाटेने येतात हे सांगावेसे वाटते. २०१८मध्ये 'तुंबाड' पाहिला तेव्हा मी शाळेत होते. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना एका मित्राने रात्री जंगलात धारपांची एक गोष्ट सांगितली होती आणि चित्रपटाचे बीज तिथे पडले, असे नंतर वाचनात आले. ती गोष्ट म्हणजे 'आजी', आणि 'आजी' स्वतः स्टीफन किंग यांच्या एका कथेवरून आलेली आहे. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून आले. पोथीशाळा यांनी म्हटलेले रोप मला इथे डोळ्यांना दिसते. अमेरिकेतल्या एका घरातली म्हातारी मराठी घरात आजी झाली, आणि तिथून कोकणच्या पावसात भिजलेल्या वाड्यात जाऊन बसली. प्रत्येक मुक्कामाला तिच्यात काहीतरी नवे मिसळत गेले. चित्रपटात तर भीतीच्या बरोबरीने हाव आली, आणि ती कोणा परक्याची नव्हती.

चौथ्या शनिवारसाठी मी हृषीकेश गुप्ते यांचे नाव सुचवते. 'अंधारवारी' आणि 'घनगर्द' मी एकेका रात्रीत वाचून काढली. त्यांची गावे हिरवी, ओली, वासांनी भरलेली असतात आणि त्यांतली लहान मुले मोठ्यांपेक्षा जास्त जाणतात. 'हाकामारी' हे त्यांच्या एका पुस्तकाचे नाव आहे. रात्री आपल्या माणसाच्या आवाजात दारावरून हाक मारणारी, आणि ओ दिली की माणसाला घेऊन जाणारी ही बाई मी माझ्या आजीकडून ऐकली होती. ती नव्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर दिसली तेव्हा मला जो आनंद झाला तो भीतीहून वेगळा होता. आपल्या आजीच्या गोष्टी कोणीतरी अजून लिहीत आहे, हे त्या नववीतल्या मुलीला कळायला हवे.

कंदीलकाच यांचे प्रत्युत्तर

हाकेला ओ, तुमच्या उत्तरामुळे मला माझ्या विधानात एक दुरुस्ती करावीशी वाटते. पहिल्या भेटीत समर्थ हवेत, असे मी नववीतल्या मुलीसाठी म्हटले होते. पण तुम्ही तर शाळेत असतानाच 'तुंबाड' पाहून आलात, म्हणजे आजच्या मुलांना बहुधा माझ्या आधाराची गरज नाही. तरी मी माझी सूचना मागे घेत नाही, फक्त तिचे कारण बदलतो. समर्थांची कथा त्या मुलीसाठी नको, तिच्याबरोबर येणाऱ्या आईवडिलांसाठी असू द्या. मोठ्या माणसांना घरी जाताना रस्त्यावरच्या पिंपळाखालून जावे लागते आणि त्यांनी लहानपणी मुंजाच्या गोष्टी जास्त ऐकलेल्या असतात.

दिवेलागण यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल आमची बैठक झाली आणि ही सगळी चर्चा मी तिथे वाचून दाखवली.

पहिल्या शनिवारी धारप घेणार आहोत, समर्थांसह. कंदीलकाच यांच्या सांगण्यावरून मी त्या कथा तिसऱ्यांदा वाचल्या आणि या वेळी घराच्या मांडणीकडे लक्ष ठेवले, तेव्हा लक्षात आले की समर्थ आल्यावर माझी भीती संपली होती, पण त्या घरातली रिकामी खोली मला अजूनही जशीच्या तशी आठवते. रूपांतराविषयी वाचनाआधी दोन वाक्ये सांगणार आहे. शंका उपस्थित करणाऱ्या सभासदांनीच ती सांगायचे कबूल केले आहे.

दुसऱ्या शनिवारी मतकरी. 'भाजीचा भाव सांगावा तसा' आवाज आमच्याकडे एका बाईंचा आहे, त्या खरोखरच बाजारात भाजीचा गाळा चालवतात आणि उत्तम वाचतात. तिसरी घंटा यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी स्वतःशी शोधले. तो जिना माझ्या माहेरच्या घरातल्या जिन्यासारखा आहे, आणि त्यावरच्या खोलीत माझी एक आत्या बरीच वर्षे आजारी होती. तिच्याकडे आम्ही मुले फारशी जात नसू. याहून अधिक इथे लिहीत नाही.

तिसऱ्या शनिवारी 'स्वामी'. मुख्याध्यापकांनी ती वाचायची जबाबदारी घेतली आहे आणि आजपासूनच सराव सुरू केला आहे. चौथा शनिवार खानोलकर आणि गुप्ते यांच्यात वाटून घेतला आहे. आधी पंधरा मिनिटे राखणदारांविषयी बोलणे, मग 'कोंडुरा'तली काही पाने आणि शेवटी हाकामारी. आमच्या पोस्टात नोकरीला असलेल्या एका सभासदाचे आजोळ सावंतवाडीकडचे आहे. त्यांच्या पंच्याऐंशी वर्षांच्या आजी यायला तयार आहेत, मात्र त्यांनी एक अट घातली आहे : देवचाराविषयी दिवेलागणीनंतर बोलायचे नाही, त्यामुळे त्या शनिवारी आम्ही पाच वाजताच जमणार आहोत.